‘पुग्गलप्पसाद’ आणि राष्ट्रनेत्यांचे महापुरुषत्व

गेल्या वर्षावासात एका विहारातील प्रवचनमालेत महापरिनिब्बान सुत्ताचे विवेचन संपवून आम्ही खाली बसलो, तेव्हा मागच्या बाजूला बसलेले एक वयोवृद्ध उपासक उभे राहिले. सारी हयात कापड गिरणीत काढलेले हे गृहस्थ प्रत्येक प्रवचनाला वही घेऊन येत. ते म्हणाले, “सर, सुत्त समजले. पण या देशाला पुन्हा महापुरुष कधी लाभणार, तेवढे सांगा. हल्लीचे पुढारी बघून जीव विटला आहे.” विहारात बसलेल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उपासकांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

राष्ट्राच्या नेत्याने महापुरुष असलेच पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की ती अपेक्षा आहे याचाही आपल्याला विसर पडतो. नेता चांगला प्रशासक असावा, प्रामाणिक असावा, कायदा जाणणारा असावा, एवढ्यावर आपले समाधान होत नाही. त्याने आपल्याला तारावे असे वाटते. या अपेक्षेचे मोल काय, ती कोठपर्यंत योग्य आणि कोठून घातक, याचा विचार दोन ठिकाणी अत्यंत स्पष्टपणे झालेला आहे: एक पालि तिपिटकात, आणि दुसरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुण्यातील एका भाषणात. आमच्या वाचनात या दोहोंची सांगड घालून फारसे लिहिले गेलेले आढळले नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी भाषणाकडे वळू. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त डेक्कन सभेने पुण्याच्या गोखले मेमोरियल हॉलमध्ये बाबासाहेबांचे व्याख्यान ठेवले होते. ते ‘रानडे, गांधी आणि जीना’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या लेखन आणि भाषणांच्या पहिल्याच खंडात ते आहे. काळ कोणता होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. गांधीजी त्याच पुणे शहरात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. देशातील बहुसंख्य हिंदू गांधींकडे आणि बहुसंख्य राजकारणी मुसलमान जीनांकडे त्राता म्हणून पाहत होते. अशा वेळी, ज्यांच्यामागे कधी मोठा जमाव चालला नाही त्या रानड्यांना महापुरुष ठरवायचे आणि या दोघांना त्या कसोटीवर घासून पाहायचे, हे धाडसाचे काम होते.

भाषणाच्या आरंभी त्यांनी रानड्यांशी असलेला आपला संबंध सांगितला आहे, तो मोठा बोलका आहे. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, तेव्हा बाबासाहेब सातारच्या शाळेत होते. शाळेला सुट्टी मिळाली. कोण वारले याची चौकशी न करता इतर मुलांप्रमाणे तेही सुट्टीच्या आनंदात होते. पुढे वडिलांच्या कागदपत्रांत त्यांना एका अर्जाची प्रत सापडली. लष्करात महारांची भरती बंद करणाऱ्या १८९२ च्या हुकमाविरुद्ध महार लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारकडे केलेला तो अर्ज होता आणि तो तयार करण्यात रानड्यांचा हात होता, असे त्यांना समजले. त्या अर्जाची जाहिरात झाली नव्हती, त्यावर जयजयकार झाला नव्हता.

यानंतर बाबासाहेब मूळ प्रश्नाला हात घालतात: इतिहास माणूस घडवतो काय? ऑगस्टीनने इतिहास ही ईश्वरी योजना मानली, बकलने भूगोलाला आणि निसर्गाला श्रेय दिले, मार्क्सने आर्थिक शक्तींना. बाबासाहेब मार्क्स आणि बकल यांच्या म्हणण्यातील सत्यांश मान्य करतात. परंतु गारगोटी असली तरी ती दुसऱ्या गारगोटीवर घासायला माणूस लागतो, असा साधा दाखला देऊन ते इतिहासातील माणसाची जागा राखून ठेवतात. मग महापुरुष कोणाला म्हणावे? कार्लाइलने सचोटी ही कसोटी सांगितली. बाबासाहेबांना ती पुरेशी वाटत नाही. सचोटीला बुद्धीची जोड मिळाली तर माणूस थोर ठरेल, नामांकित ठरेल. महापुरुष ठरण्यासाठी त्याला सामाजिक हेतूची प्रेरणा असावी लागते आणि समाजाचे दोष झोडपून घाण उपसण्याचे काम त्याने करावे लागते. या निकषावर रानडे उतरतात. त्यांच्या मागे भक्तांचा मेळा नव्हता, ही गोष्ट बाबासाहेबांच्या हिशेबात उणी धरलेली नाही.

आमच्या दृष्टीने या भाषणाचा गाभा मात्र आणखी पुढे आहे. विभूतिपूजेचे ते दोन प्रकार करतात. एखाद्या व्यक्तीच्या ठायी जे उदात्त आहे त्याबद्दल मनापासून आदर वाटणे, हा एक. त्यात काही वावगे नाही. त्या व्यक्तीची आज्ञा म्हणून, स्वतःची विचारशक्ती गहाण टाकून, तिच्या मागे जाणे, हा दुसरा. तो अत्यंत घातक आहे. पहिल्याने माणसाची मान उंच राहते, दुसऱ्याने तो दास होतो. वृत्तपत्रांनी या भाषणावर टीकेची झोड उठवली. १५ मार्च १९४३ ची तारीख असलेल्या प्रस्तावनेत त्यांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, आपण मूर्तिपूजक नसून मूर्तिभंजक आहोत, आणि देश हा कोणत्याही माणसापेक्षा मोठा आहे हे देशबांधव एक दिवस शिकतील अशी आशा आहे. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलच्या इशाऱ्याचा आधार घेऊन हेच पुन्हा बजावले: कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, धर्मातली भक्ती काहीही करो, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते.

आता हे दोन प्रकार पालि वाङ्मयात कसे येतात ते पाहू.

‘महापुरिस’ हा शब्द बहुतेकांना बत्तीस लक्षणांमुळे परिचित आहे. दीघ निकायातील लक्खण सुत्तात ती लक्षणे येतात आणि ती धारण करणाऱ्याला दोनच गती सांगितल्या आहेत: गृहस्थ राहिला तर चक्रवर्ती, घर सोडले तर सम्यक्संबुद्ध. म्हणजे राजकारणातला महापुरुष आणि धम्मातला महापुरुष यांची खूण जनमानसात एकच होती, आणि ती शरीरावर शोधली जाई. सुत्ताने येथे एक मार्मिक फेरबदल केला आहे. प्रत्येक लक्षण कोणत्या आचरणातून आले, ते सांगितले आहे. मऊ हातपाय का? तर दान, प्रिय वचन, हितकर वर्तन आणि सर्वांशी समानतेने वागणे, या चार संग्रहवस्तूंनी लोकांना धरून ठेवले म्हणून. लक्षणाकडे बोट दाखवणाऱ्या माणसाचे लक्ष अशा रीतीने आचरणाकडे वळवले आहे.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. मगधाचा महामात्य वस्सकार ब्राह्मण वेळुवनात भगवंतांकडे येतो आणि आम्ही महापुरुष कोणाला म्हणतो ते सांगतो: जो बहुश्रुत आहे, बोललेल्याचा अर्थ ज्याला कळतो, पूर्वी केलेले नि बोललेले ज्याच्या स्मरणात राहते, आणि जो व्यवहारातील कामांत दक्ष व उपायकुशल आहे. राज्ययंत्र चालवणाऱ्या माणसाची ही यादी आहे. आजही मंत्रालयात कोणी अशी यादी केली तर ती फार वेगळी होणार नाही. भगवान या यादीला होकारही देत नाहीत आणि ती खोडूनही काढत नाहीत. ते स्वतःचे चार निकष मांडतात आणि त्यांतला पहिला असा की, तो बहुजनांच्या हितासाठी व सुखासाठी वागतो आणि अनेकांना सन्मार्गावर उभे करतो. मनावर ताबा, ध्यान आणि आस्रवांचा क्षय हे पुढचे तीन. पहिला निकष आणि १९४३ च्या भाषणातील सामाजिक हेतूचा निकष शेजारी ठेवून पाहावे. बाबासाहेबांनी हे सुत्त समोर ठेवून भाषण लिहिले असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही; तसा पुरावा नाही. विचारांची दिशा एक आहे, एवढेच.

खरा महापुरुष भेटला, तरी त्याच्याशी आपले नाते कसे असावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर त्याच निकायाच्या पंचक निपातातील पुग्गलप्पसाद सुत्तात आहे. हे सुत्त छोटे आहे आणि विहारांतून क्वचितच वाचले जाते. ‘पसाद’ म्हणजे संस्कृतातला ‘प्रसाद’. मराठीत हा शब्द देवळातल्या नैवेद्यापुरता उरला असला तरी ‘प्रसन्न’ या शब्दात त्याचा मूळ अर्थ जिवंत आहे: गढूळपणा खाली बसून पाणी स्वच्छ व्हावे तसे मन निवळणे, श्रद्धेने स्थिर होणे. एकाच व्यक्तीवर अशी श्रद्धा बसली की पाच धोके संभवतात, असे हे सुत्त सांगते. ती व्यक्ती काही अपराध करते आणि संघ तिला बाजूला काढतो. किंवा संघ तिला सर्वांच्या शेवटच्या आसनावर बसवतो. किंवा ती अन्य दिशेला निघून जाते. किंवा चीवर टाकून परत संसारात जाते. किंवा मरण पावते. या पाचही वेळी श्रद्धाळू माणसाची गत एकच होते. माझ्या आवडत्या माणसाचे असे झाले, या विचाराने तो इतर भिक्खूंवर रुसतो, त्यांच्याकडे जाणे सोडतो, सद्धम्म त्याच्या कानी पडेनासा होतो आणि तो स्वतः घसरतो.

यातला बारकावा पाहण्यासारखा आहे. पाचांपैकी दोन-तीन प्रसंगी श्रद्धेय व्यक्तीचा दोष असेलही; पण दुसऱ्या गावी जाण्यात किंवा मरण्यात दोष कसला? सुत्ताचा रोख श्रद्धेय व्यक्तीवर नाहीच. श्रद्धेचे ठिकाण चुकले आहे, हे त्याला सांगायचे आहे. (अन्य दिशेला जाण्याला पालित ‘दिसापक्कन्त’ म्हणतात. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर ‘पक्षांतर’ असे केले होते. व्याकरणाच्या दृष्टीने आम्ही ते चूक ठरवले, पण गुण कापले नाहीत.)

स्वतंत्र भारताचा इतिहास या सुत्ताच्या उजेडात वाचून पाहावा. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला लोकसभेच्या ३५२ जागा मिळाल्या. गरिबी त्या हटवतील, अशी कोट्यवधी लोकांची खात्री होती. काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांची मजल देश आणि इंदिरा एकच म्हणण्यापर्यंत गेली. जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा एवढ्या मोठ्या संसदेतून प्रतिकार फारसा झाला नाही. १९७७ मध्ये त्याच मतदारांनी त्यांना रायबरेलीत पाडले आणि साऱ्या आशा जयप्रकाशांवर व जनता पक्षावर ठेवल्या. १९७९ मध्ये ते सरकार कोसळले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या. या नऊ वर्षांत मतदाराने डोक्यावर घेतले, आपटले आणि पुन्हा उचलले, पण प्रत्येक वेळी व्यक्तीच पाहिली. वटहुकमांचे काय झाले, न्यायालयांचे काय झाले, याची चर्चा मूठभरांपुरती राहिली. येथे जवाहरलाल नेहरूंच्या श्रेयाची एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नोव्हेंबर १९३७ च्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’मध्ये ‘चाणक्य’ या टोपणनावाने त्यांनी स्वतःवरच लेख लिहिला आणि हा लोकप्रिय माणूस हुकूमशाहीकडे वळू शकतो, सावध राहा, असे वाचकांना सुचवले. नेत्यानेच आपल्याविषयी असे लिहावे, याचे दुसरे उदाहरण आम्हाला आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग नेता कसाही असला तरी चालेल काय? तिपिटकाचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. अंगुत्तर निकायातील अधम्मिक सुत्तात राजा अधार्मिक झाला की त्याचे अधिकारी, मग ब्राह्मण-गृहपती, मग गावोगावचे लोक कसे अधार्मिक होतात, याची साखळी दिली आहे. नदी ओलांडणाऱ्या कळपातला पुढचा बैल वाकडा गेला की सारा कळप वाकडा जातो. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात राजा मुलाला बजावतो की चक्ररत्न ही वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे, ते आचरणाने मिळवावे लागते. घराण्याच्या नावावर मते मागणाऱ्या सर्वच पक्षांनी हे सुत्त वाचावे. पुढे एक राजा गोरगरिबांना धन द्यायचे राहून जाऊ देतो आणि त्यातून दारिद्र्य, चोरी, शस्त्रे, हत्या अशी परंपरा सुरू होते. अग्गञ्ञ सुत्त तर राजपदाचे मूळच सांगते. शेतांच्या हद्दी पडल्या, चोऱ्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी एकत्र येऊन आपल्यापैकी एकाला निवडले. दंडनीय असेल त्याला त्याने दंड करावा, त्याबदल्यात लोकांनी त्याला साळीचा वाटा द्यावा. बहुजनांनी संमत केलेला म्हणून तो महासम्मत. काम ठरलेले, मोबदला ठरलेला, संमती लोकांची. मात्र त्याच सुत्तात, निवडताना लोक सर्वांत देखणा, प्रसन्न मुद्रेचा आणि वजनदार असलेल्या माणसाकडे गेले, अशीही नोंद आहे. अडीच हजार वर्षांत आम्हा मतदारांची ही खोड गेलेली नाही.

म्हणजे नेत्याकडून शीलाची, दक्षतेची आणि गरिबांच्या पोटाची काळजी घेण्याची अपेक्षा करणे हा आपला हक्कच आहे. सरण म्हणून त्याच्याकडे पाहणे ही वेगळी गोष्ट झाली.

येथे आपल्या वाचकांच्या मनात जो प्रश्न येईल तो आम्ही टाळू इच्छित नाही. ‘बुद्धं सरणं’ म्हणणारे आपण, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर नतमस्तक होणारे आपण. मग आपणही पुग्गलप्पसादातच अडकलो आहोत काय? पालि ग्रंथांत याला उत्तर देणारा एक शब्द आहे: ‘अवेच्चप्पसाद’. बुद्ध, धम्म आणि संघ यांच्यावरील श्रद्धेला हा शब्द लावला जातो. अट्ठकथा त्याचा अर्थ गुण यथार्थपणे जाणल्यामुळे उपजलेली, न ढळणारी श्रद्धा असा करतात. म्हणूनच बुद्धवंदनेत आपण भगवंतांचे गुण एकेक करून आठवतो. आजारी वक्कलीला भगवंतांनी सांगितले की या कुजणाऱ्या देहाच्या दर्शनाने काय साधणार, धम्म पाहणाराच मला पाहतो. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच मुद्दा पुढे आणला आहे: भगवंतांनी आपल्या धम्मात स्वतःसाठी जागा राखली नाही, ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते.

बाबासाहेबांविषयीची आपली श्रद्धा यांपैकी कोणती, हे ज्याने त्याने तपासावे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी असते, ती पाहिली की आम्हाला धीर येतो. पण आपल्या राजकीय पुढाऱ्यांच्या बाबतीत आपण पुग्गलप्पसादाचे पाचही धोके भोगले आहेत, हे कबूल केले पाहिजे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष काही वर्षांतच फुटला. १९९८ मध्ये ऐक्य झाले आणि महाराष्ट्रातून चार खासदार लोकसभेत गेले. ते ऐक्यही टिकले नाही. दोष पुढाऱ्यांचा असेलच. परंतु प्रत्येक फुटीनंतर कार्यकर्ते आपापल्या पुढाऱ्यामागे गेले, आणि ज्यांचा पुढारी संपला ते घरी बसले. पक्षाची घटना, जाहीरनामा, वार्षिक सभा यांची चौकशी किती जणांनी केली? त्या पाचव्या धोक्याचे वर्णन सुत्तात आहे ते असेच.

या साऱ्याचा कस लागला तो भगवंतांच्या परिनिब्बानानंतर. मज्झिम निकायातील गोपकमोग्गल्लान सुत्त त्या दिवसांतले आहे. अवंतीच्या पज्जोत राजाच्या भीतीने अजातसत्तू राजगृहाची तटबंदी दुरुस्त करवून घेत आहे. पिंडपाताला अजून वेळ होता म्हणून आनंद स्थविर गोपक मोग्गल्लान ब्राह्मणाच्या कामावर जातात. भगवंतांचे सर्व गुण असलेला एक तरी भिक्खू आहे काय, असे गोपक विचारतो. एकही नाही, असे आनंद सांगतात. तेवढ्यात तटबंदीची पाहणी करत आपला पूर्वपरिचित वस्सकार तेथे येतो. राज्यकारभार जाणणाऱ्या त्या माणसाचा प्रश्न सरळ आहे: माझ्यानंतर हा तुमचे सरण, असे गोतमांनी कोणाला नेमले आहे काय? नाही. मग संघाने कोणाला निवडले आहे काय? तेही नाही. मग सरण नसताना तुमची एकी टिकते कशी? आनंद म्हणतात, आम्ही सरणहीन नाही. धम्म आमचे सरण आहे. आणि ते कसे, हेही ते व्यवहारात सांगतात. एका गावाच्या आधाराने राहणारे सारे भिक्खू उपोसथाच्या दिवशी एकत्र येतात, ज्याला पातिमोक्ख येते त्याला ते म्हणायला लावतात, कोणाचा अपराध निघाला तर नियमाप्रमाणे त्याचे निवारण करतात. त्यांच्यावर माणसे अंमल चालवत नाहीत, धम्म चालवतो.

वस्सकार एवढ्यावर थांबत नाही. ज्याचा तुम्ही आदर करता, ज्याच्या आधाराने राहता, असा कोणी आहे काय? या प्रश्नाला आनंदांचे उत्तर होकारार्थी आहे, आणि ते दहा गुणांची यादी देतात. शीलवान, बहुश्रुत, मिळेल त्यात संतुष्ट, अशी ती सुरू होते. हे गुण ज्याच्यात दिसतात त्याचा आम्ही आदर करतो. सरण एकीकडे, आदर दुसरीकडे. १९४३ च्या भाषणातील दोन प्रकार हेच होत. त्या वृद्ध उपासकांना आम्ही हे सांगायला हवे होते.

हा वस्सकार कोण, हेही त्यांना सांगायला हवे होते. ज्या महापरिनिब्बान सुत्तावर आम्ही त्या दिवशी बोललो, त्याच्या आरंभी वज्जींना जिंकता येईल काय हे विचारायला आलेला अमात्य तोच. वज्जी वारंवार एकत्र जमतात, एकदिलाने जमतात, एकदिलाने उठतात, तोवर त्यांची हानी नाही, हे त्याने तेथे ऐकले. पुढची हकीगत अट्ठकथेत आहे. वज्जींचा आश्रय घेऊन तो तीन वर्षे वैशालीत राहिला आणि एका लिच्छवीच्या कानात एक, दुसऱ्याच्या कानात दुसरे असे सांगत त्याने त्यांची मने फोडली. मग एके दिवशी सभेची भेरी वाजवण्यात आली. भेरी ऐकून लिच्छवी म्हणू लागले की, जे धनी आहेत, जे शूर आहेत, त्यांनी जावे. कोणीच जमले नाही. तेव्हा वस्सकाराने अजातसत्तूला निरोप धाडला. मगधाचे सैन्य आले, तेव्हा दुसऱ्यांदा भेरी वाजली. त्या वेळीही कोणी घराबाहेर पडले नाही, आणि नगराची दारे उघडीच होती.